आधी कोणतं पुस्तक?



या व्याख्यानमालेत मोठ्या विषयांवर मोठी माणसं बोलून गेली आहेत. माझा विषय घरगुती आहे. कपाटात न वाचलेली पुस्तकं साठली आहेत, त्यांतलं आधी कोणतं उघडायचं, एवढाच. कार्यकारिणीतल्या एका गृहस्थांनी विषय ऐकल्यावर विचारलं, ‘यावर तासभर बोलणार?’ मी म्हटलं, पाऊण तास पुरेल. पण तो पाऊण तास मला हवा आहे, कारण ग्रंथालयाच्या टेबलामागे नोकरी केली त्या सगळ्या वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच होता. ‘काहीतरी चांगलं द्या’ असं म्हणणारा माणूस खरं तर हेच विचारत असतो.

ही पुस्तकं घरात येतात कुठून? आपल्या भागात याचं उत्तर सोपं आहे. थंडी सुरू झाली की रविवारी कुठे ना कुठे साहित्य संमेलन असतं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमानी, किती नावं घ्यावीत! एका तालुक्यात गावोगावी अशी संमेलनं भरवणारा प्रदेश मराठी मुलुखात दुसरा दाखवा म्हटलं तर पुण्या-मुंबईची माणसंही विचारात पडतात. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, अध्यक्षांचं भाषण, गावजेवण, दुपारी कथाकथन, शेवटी कवी. मंडपाच्या कडेला पुस्तकांचे स्टॉल. लांबून आलेल्या विक्रेत्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, म्हणून आपण दोन पुस्तकं घेतो. दहा रविवारांची वीस होतात. पालखीत ठेवलेल्या ग्रंथाला आपण हळदकुंकू वाहतो, घरी आणलेल्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालतो, आणि दोन्ही सारखेच बंद राहतात.

शिवाय सत्कारात शालीबरोबर मिळालेली पुस्तकं. मुलाच्या लग्नात आहेर म्हणून आलेली. वडिलांची. २००० साली बेळगावात अखिल भारतीय संमेलन झालं, य. दि. फडके अध्यक्ष होते, तेव्हा ज्यांनी पिशव्या भरभरून पुस्तकं नेली त्यांच्यापैकी कितीतरी घरांत त्या पिशवीतली पुस्तकं आजही जशीच्या तशी आहेत. हे मी टीका म्हणून सांगत नाही. सीमाभागात मराठी पुस्तक विकत घेणं ही स्वतःच एक भूमिका होती आणि आहे. १९४६ साली याच गावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरलं आणि तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तेव्हापासून साहित्य आणि आपलं इथलं असणं एकमेकांत गुंतून गेलं आहे. घरात मराठी पुस्तक दिसलं पाहिजे, असं आपल्याला वाटतं. दिसण्यासाठी घेतलेलं पुस्तक वाचायचं राहून जातं, एवढंच.

आता हिशेब करू. रोज १५ पानं वाचणारा माणूस वर्षाला ५,४७५ पानं वाचतो. सरासरी अडीचशे पानांचं पुस्तक धरलं तर वर्षाला २२ पुस्तकं. सत्तरीतल्या माणसाने डोळे अजून दहा वर्षं साथ देतील असं धरलं तर २२०. आणि रोज १५ पानं हे मी उदारपणे धरलं आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन, नातवंडांच्या सुट्ट्या, लग्नसराई यांत महिनेच्या महिने जातात. समोर बसलेल्या बऱ्याच जणांच्या कपाटात यापेक्षा जास्त न वाचलेली पुस्तकं असतील. म्हणजे सगळी वाचून होणार नाहीत हे आज इथेच मान्य करून टाकू. एकदा ते मान्य केलं की ‘आधी कोणतं’ या प्रश्नाला वजन येतं.

दुसरीही एक बाजू आहे, आणि ती मला जास्त टोचते. आपल्या नातवंडांपैकी बरीच मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, काही कन्नड माध्यमात. ती घरात छान मराठी बोलतात, पण जोडाक्षर आलं की अडखळतात. या मुलांच्या हातात आपण जे पहिलं मराठी पुस्तक ठेवू, ते जमलं नाही तर दुसरं ठेवायची संधी मिळेलच असं नाही. आणि खासबागेतलं जुनं कौलारू घर पाडून तिथे अपार्टमेंट उभं राहतं तेव्हा नव्या फ्लॅटमध्ये कपाटाला भिंत उरत नाही. भांडी वाटली जातात, देव सांभाळले जातात. पुस्तकं किलोवर जातात. रद्दीच्या दुकानात मी स्वतः अशी पुस्तकं पाहिली आहेत, पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात नाव आणि तारीख, आणि पुढची पानं न कापलेली. जुन्या बांधणीची पुस्तकं तशी यायची, पानं चाकूने कापून घ्यावी लागत. पन्नास-साठ वर्षं कोणी चाकू लावला नव्हता.

लोक या प्रश्नाला जी उत्तरं देतात ती मी ऐकत आलो आहे. एक म्हणजे जे आधी घेतलं ते आधी वाचायचं. हे रेशनच्या रांगेसारखं झालं. पंधरा वर्षांपूर्वी आपण कोण होतो, कशासाठी ते घेतलं होतं, ते आता आठवतही नाही. त्या माणसाची यादी आजच्या माणसाने का पुरी करावी? दुसरं, पुरस्कार मिळालेलं आधी. पुरस्काराने पुस्तक चांगलं असल्याची थोडीफार हमी मिळते, पण आज रात्री ते आपल्याला लागू पडेल याची मिळत नाही. तिसरं, ‘सगळे वाचताहेत ते’. २०१० साली नेमाड्यांची ‘हिंदू’ आली तेव्हा काय झालं आठवा. मोठी जाड कादंबरी, आणि घरोघरी! तिच्या उपनावातच ‘जगण्याची समृद्ध अडगळ’ असं आहे, आणि बऱ्याच घरांत तिने ते नाव अक्षरशः सार्थ केलं. ज्यांच्याकडे ती अजून पडून आहे त्यांना माझं सांगणं, ती बाजूला ठेवा आणि आधी ‘कोसला’ काढा. १९६३ची, आकाराने आटोपशीर. नेमाड्यांची वाक्यं कानाला सवयीची झाली की मग ‘हिंदू’ला हात घाला. जमेल. नाही जमलं तरी ‘कोसला’ पदरात पडलेली असेल.

चौथं उत्तर, सर्वांत पातळ पुस्तक आधी. यावर लोक हसतात, पण हे मला पटतं. विशेषतः ज्याचं वाचन चार-पाच वर्षं सुटलं आहे त्याच्यासाठी. आपल्या शेजारी मागावर बसलेली माणसं आहेत, त्यांना विचारा: बरेच दिवस बंद असलेल्या मागावर कोणी एकदम सर्वांत कठीण काठाची साडी घेत नाही. हात बसेपर्यंत साधं विणतात. एक पुस्तक पुरं केल्याचा आनंद सुटलेल्या वाचकाला फार लवकर परत आणतो. सहाशे पानांच्या ऐतिहासिक कादंबरीत चाळिसाव्या पानावर अडकून पडलेला माणूस मात्र पुढची दोन वर्षं ‘सध्या ती चालू आहे’ असं सांगत दुसरं काहीच वाचत नाही.

माझी स्वतःची परीक्षा वेगळी आहे आणि ती दोन मिनिटांत होते. पुस्तक मधोमध उघडायचं आणि एक पान मोठ्याने वाचायचं. मनात वाचून चालत नाही. आवाजाला ते पान झेपतं का, वाक्य श्वासात बसतं का, आणि घरातलं दुसरं कोणी हातातलं काम थांबवून ऐकतं का, हे बघायचं. स्वयंपाकघरातून ‘पुढे काय झालं?’ असा आवाज आला तर ते पुस्तक आधी. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या परीक्षेत कधी नापास झालेली मी पाहिली नाहीत. १९३०च्या दशकात आलेलं पुस्तक, पण कुठलंही पान काढा, बाई समोर बसून बोलते आहे असं वाटतं.

ही परीक्षा आपल्या गावात आणखी एका पुस्तकाला लावायला हवी. प्रकाश नारायण संत यांचा ‘वनवास’. त्यातल्या पहिल्या कथा साठच्या दशकात ‘सत्यकथे’त आल्या होत्या, पुस्तक यायला १९९४ साल उजाडलं. मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. संत भूशास्त्राचे प्राध्यापक, नोकरी कराडला, जन्म आणि लहानपण बेळगावचं. लंपन हा मुलगा आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो, आणि त्याच्या तोंडी जी भाषा आहे ती पुण्याच्या वाचकाला गोड, वेगळी, मजेशीर वाटते. आपल्याला ती वेगळी वाटत नाही. तो ‘म्याड’ म्हणतो तेव्हा आपल्या शाळेच्या आवारातला आवाज येतो. मराठी वाक्याला कन्नडचा हेल कसा लागतो, हे पुस्तकात उतरवून दाखवणारा असा दुसरा लेखक मला सापडलेला नाही. आणि तरी मला अनुभव असा आहे की लंपनचं नाव आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं, त्याच्या नावाने बोलताना डोळे भरून येतात, आणि चारही पुस्तकं वाचलेला माणूस शोधावा लागतो. आपल्याच गल्लीतला मुलगा म्हणून आपण त्याला गृहीत धरला आहे.

ज्यांच्या कपाटात हे चारही आहेत त्यांनी प्रकाशनाचा क्रम मोडू नये. लंपन या क्रमाने वाढत जातो. ‘झुंबर’ आधी हाती लागलं म्हणून तिथून सुरुवात केली तर कथा समजतील, पण त्याच्या वाढण्याबरोबर आपण चाललेलो नसू. आणि हे चार एका दमात वाचू नयेत. एका कथेला एक संध्याकाळ द्यावी. ज्यांना नातवंडं आहेत त्यांनी मोठ्याने वाचावं, कारण इथल्या मुलाला मराठी छापील भाषा परकी वाटते ती बहुतेक वेळा ती पुण्याची असते म्हणून. आपलं बोलणं छापलेलं असू शकतं हे त्याला कळलं की जोडाक्षरांची भीती निम्मी होते. हे मी दोन-तीन मुलांच्या बाबतीत प्रत्यक्ष पाहिलं आहे, यापेक्षा मोठा दावा करत नाही.

इथे एक गोड पेच आहे. त्याच घरात इंदिरा संतांचे संग्रह असतात. आधी आईचं वाचावं की मुलाचं? इंदिराबाईंचं बालपण तवंदीचं. कोल्हापूरला जाताना निपाणीच्या अलीकडे जो तवंदीचा घाट आपण एसटीच्या खिडकीतून इतक्या वेळा पाहिला, तेच गाव. पुढे बेळगाव. १९४६ साली पती ना. मा. संत गेले, आणि ‘शेला’ १९५१ साली आला. ‘गर्भरेशीम’ला १९८४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या कविता मराठीच्या पुस्तकात एक-दोन नेमलेल्या असल्याने आपल्याला वाटतं, वाचल्या आहेत. संग्रह म्हणून सलग वाचणं वेगळं. माझा सल्ला, आधी मुलगा, मग आई. ‘वनवास’मधला तो रस्ता, ते झाडांचं रान, ते पावसाळी दिवस डोळ्यांसमोर असताना ‘शेला’ उघडला की त्या कवितांतलं निसर्गाचं दृश्य कुठलं, हा प्रश्न पडत नाही. आपण तिथेच उभे असतो. काव्याच्या जाणकारांना हे फार भाबडं वाटेल. वाटू दे.

पुलंच्या बाबतीतही असंच. ‘व्यक्ती आणि वल्ली’ सगळ्यांनी वाचलेलं असतं, निदान ऐकलेलं तरी. ‘गणगोत’ मात्र कपाटात मागच्या रांगेत. पुलं राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते त्या काळातले बेळगावचे रावसाहेब, म्हणजे कृष्णराव हरिहर, या ‘गणगोत’मध्ये आहेत. बेळगावच्या माणसाने पुलंची सुरुवात तिथून करावी. त्या लेखातली कानडी वळणाची मराठी मुंबईकर वाचतो आणि हसतो. आपण वाचतो तेव्हा आधी हसतो आणि मग आपला कोणीतरी काका आठवतो.

आता जोडीने वाचण्याची गोष्ट. कोवाड आपल्यापासून तासाभरावर. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ची, तिला १९६४चा अकादमी पुरस्कार आहे, आणि ती नसलेलं मराठी घर या भागात क्वचितच सापडेल. माधवी देसाईंचं ‘नाच गं घुमा’ हे आत्मकथनही बऱ्याच घरांत आहे, पण ते वेगळ्या कप्प्यात असतं, बायकांच्या कप्प्यात. मी ही दोन पुस्तकं शेजारी ठेवायला सांगतो. आधी ‘स्वामी’, तिचा भरजरीपणा मन भरून घ्यायचा. मग ‘नाच गं घुमा’. पहिल्याचा मान त्याने कमी होत नाही. मात्र एका मोठ्या लेखकाचं घर आतून कोणाला कसं दिसलं, हे कळतं, आणि ते सांगणारी बाईही लेखिकाच आहे हे कळतं. उलट्या क्रमाने वाचणाऱ्यांना ‘स्वामी’तल्या रमेचे प्रसंग मोकळेपणाने वाचता येत नाहीत, असं मला काही वाचकांनी सांगितलं. त्यामुळे क्रम हाच ठेवावा.

आणि एक नाव, ज्यासाठी मी खरं तर हे व्याख्यान स्वीकारलं. महादेव मोरे. निपाणीचे. आधी गाड्या चालवल्या, गॅरेजात हात काळे केले, पुढे पिठाची गिरणी चालवली आणि त्या गिरणीत बसून लिहिलं. २०२४ साली ते गेले. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका, विड्या वळणाऱ्या, ड्रायव्हर, क्लीनर, देवदासी, हमाल ही त्यांची माणसं. ‘झोंबडं’, ‘एकोणिसावी जात’ ही नावं तरी ऐकली आहेत का, हात वर करा. बघा. आणि ‘स्वामी’ कोणी वाचली आहे? हेच मला म्हणायचं होतं.

निपाणीची तंबाखू आपल्याला माहीत आहे, १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी हमरस्त्यावर बसले, ६ एप्रिलला गोळीबार झाला, तेही आपल्यापैकी वयस्कर मंडळींना आठवत असेल. पण वखारीच्या आतल्या धुळीत दिवसभर बसणाऱ्या बाईला संध्याकाळी घरी गेल्यावर खोकला कसा येतो, हे ज्याने पाहून लिहिलं तो लेखक आपल्यापासून दीड-दोन तासांवर पीठ दळत होता. इतकी वर्षं आपण संमेलनांना पुण्याहून पाहुणे आणत होतो. काही संमेलनांनी त्यांनाही बोलावलं, सन्मान केले, हे खरं. वाचलं किती जणांनी, हा माझा प्रश्न आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे स्थिरावलेली कुटुंबं. आपल्याला आपल्या घरासारखी घरं पुस्तकात बघायला आवडतात. मोऱ्यांच्या पुस्तकात आपलं घर नाही, आपल्या घरामागची गल्ली आहे. माझ्या यादीत न वाचलेल्यांपैकी सर्वांत आधी हे पुस्तक येतं. कपाटात नसेल तर ग्रंथालयात मागा. मागणी झाली की ग्रंथालय घेतं.

जाड ग्रंथांचं काय? त्यांतला सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे ज्ञानेश्वरी, आणि तिच्याबाबत आपल्या खेड्यांतल्या वारकऱ्यांनी हा प्रश्न कधीच सोडवला आहे. पारायणाला बसलं की सात दिवसांत नऊ हजार ओव्या. पण ज्याला समजून वाचायची आहे त्याला जुनी जाणती माणसं बाराव्या अध्यायापासून सुरुवात करायला सांगतात. त्यात फक्त २४७ ओव्या आहेत. अठराव्यात अठराशेच्या वर. पहिल्या अध्यायापासून सुरू करणारे बरेच जण पुढे तत्त्वज्ञान दाट झालं की थांबतात. बारावा भक्तीचा, सरळ, आणि त्याने हिंमत येते. पुस्तक पहिल्या पानापासूनच सुरू केलं पाहिजे हा नियम कादंबरीला ठीक आहे.

दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ला तर अजिबातच नाही. मराठी महिन्यांप्रमाणे लिहिलेलं पुस्तक आहे. जो महिना चालू आहे त्याचा लेख काढायचा, आणि वाचून झाल्यावर बाहेर पडून एक चक्कर मारायची. वर्षभरात पुस्तक संपतं आणि रोजची १५ पानं त्यात खर्चीही पडत नाहीत. हे पुस्तक मी ‘आधी कोणतं’ या शर्यतीतून बाहेर काढलं आहे. ते बाजूला चालू ठेवावं.

एका जाडजूड दस्तऐवजाचा उल्लेख करतो आणि पुढे जातो. १९६७चा महाजन अहवाल. त्यावर आपण तीन पिढ्या तावातावाने बोललो. मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. तो अहवाल प्रत्यक्ष उघडून वाचलेली माणसं मला फार थोडी भेटली. आपल्या विरोधात गेलेला कागद तर आपण आधी वाचायला हवा.

यावरून कन्नडकडे येतो. काहींना हे रुचणार नाही, पण वाचनाच्या बाबतीत आपल्याला शेजार लाभला आहे. उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्या. भैरप्पांची ‘वंशवृक्ष’, ‘पर्व’ त्यांनी मराठीत आणली. त्यांचं काम कसं चालायचं हे ऐकण्यासारखं आहे: पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून टेप करायचे, उमाताई ते ऐकायच्या आणि मराठीत लिहायच्या. ऐकून केलेला अनुवाद आहे, म्हणून तो मोठ्याने वाचला तरी अडखळत नाही. दोन्हींपैकी आधी ‘वंशवृक्ष’ घ्यावी. एका कुटुंबाची, पिढ्यांची गोष्ट, आणि त्यातली कर्मठ घरं आपल्या ओळखीची. ‘पर्व’ हे महाभारत आहे, त्याला वेळ आणि चिकाटी लागते. आणि ज्यांना कन्नड लिपी येते, शाळेत सक्तीची म्हणून का होईना शिकलेली, त्यांनी मूळ कन्नडच वाचून बघावं. आपल्यापैकी पन्नाशीच्या आतल्या बऱ्याच जणांना ती येते, मुलांना तर येतेच. फुकट मिळालेली दुसरी खिडकी रागापोटी बंद ठेवण्यात आपलंच नुकसान आहे.

आता नातवंडं. घरोघरी पहिलं पुस्तक म्हणून ‘श्यामची आई’ दिलं जातं. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, रात्री-रात्रींत विभागलेलं, एकेक रात्र म्हणजे एकेक गोष्ट. पुस्तक मोलाचं आहे यात वाद नाही. पण ज्या मुलाला ओळ वाचायलाच कष्ट पडतात त्याच्या हातात ते ठेवून ‘वाच, तुला वळण लागेल’ म्हणणं म्हणजे कडू औषधासारखं झालं. ते आजीने वाचून दाखवायचं पुस्तक आहे, रोज एक रात्र. मुलाने स्वतः वाचायचं तर भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ द्या. पुढे काय होणार या ओढीने मूल जोडाक्षरावरून उडी मारून जातं. आणि खरं सांगायचं तर दोन-तीन पुस्तकं समोर ठेवून ‘तू निवड’ म्हणावं, आणि त्याने चित्रं बघून निवडलं तरी काही बोलू नये. पुस्तक निवडायची सवय लागणं हेसुद्धा वाचनच आहे.

सुरू केलेलं पुस्तक सोडावं का, असं मला दर वेळी विचारतात. सोडावं. पन्नास पानं द्यावीत, त्यानंतरही ओढ नसेल तर कपाटात परत. मघाशी केलेला २२० पुस्तकांचा हिशेब लक्षात ठेवा. फक्त सोडलेल्या पुस्तकात बसचं तिकीट, कागदाचा तुकडा, काहीतरी खूण ठेवा. पाच वर्षांनी तेच पुस्तक वेगळं लागतं, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला ती खूण बघून वाटतं, इथे असं काय होतं म्हणून हे थांबले?

शेवटची एक गोष्ट, नोकरीत शिकलेली. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं हे गाव पुस्तक आणतं, वाचतं आणि परत करतं. ग्रंथालयातून नेलेलं पुस्तक वाचलं जातं आणि विकत घेतलेलं राहतं, याचं कारण फार साधं आहे. नेलेल्याला परतीची तारीख असते. विकतचं आपलंच आहे, कुठे पळून जातंय! म्हणून मी दोन-तीन कुटुंबांना सुचवून बघितलं: आपापल्या न वाचलेल्यांपैकी पाच पुस्तकं शेजाऱ्याला द्यायची, त्याची पाच आपण घ्यायची, आतल्या पानावर पेन्सिलीने तारीख टाकायची, महिन्याने परत. दुसऱ्याचं पुस्तक आहे म्हणून माणूस वाचतो. शिवाय महिन्याने परत करायला गेल्यावर चहा होतो आणि पुस्तकावर दोन शब्द बोलावे लागतात, त्यामुळे वाचल्याचा बहाणा करता येत नाही. एका घरात मात्र पाचातलं एक पुस्तक परत मिळालं नाही, कारण शेजारच्या आजींनी ते त्यांच्या बहिणीला खानापूरला पाठवलं होतं. ते अजून तिकडेच फिरतं आहे असं कळतं.

आजच्या कार्यक्रमाआधी मंडळाच्या कार्यकर्त्यांना मी विनंती केली होती, त्याप्रमाणे बाहेर पादत्राणांच्या कट्ट्याजवळ एक टेबल लावलं आहे. निमंत्रणात लिहिलं होतं त्यानुसार ज्यांनी घरून एखादं न वाचलेलं पुस्तक आणलं असेल त्यांनी ते तिथे ठेवावं आणि दुसऱ्या कोणाचं तरी उचलावं. वहीत नाव, पुस्तक आणि परतीची तारीख लिहावी. तारीख पुढच्या महिन्याच्या बैठकीचीच धरा. टेबलावर मोऱ्यांची दोन पुस्तकं माझ्याकडची आहेत, ती मला परत हवी आहेत. प्रश्न असतील तर आता विचारा, चहा अजून यायचा आहे.